द्राक्षावरचा केवडा आणि जोखमीची वाटणी

नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला की पुढचा आठवडा ठरीव क्रमाने पार पडतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील बागांची छायाचित्रे येतात. तिसऱ्या दिवशी मंत्रिमहोदय चिखलात उतरून घडांची पाहणी करतात. मग पंचनाम्यांचे आदेश सुटतात आणि नुकसानीचे कोट्यवधींचे आकडे एकमेकांवर मात करू लागतात. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' वादळाच्या वेळी हे घडले. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस हटेना तेव्हा घडले. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीनंतर घडले. आणि २०२५ मध्ये मे महिन्यातच सुरू झालेला पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला तेव्हाही घडले. या धामधुमीत एक गोष्ट हटकून विसरली जाते. गारा मणी फोडतात ते डोळ्यांना दिसते, कॅमेऱ्यात मावते. परंतु पावसामुळे बागेचे जे नुकसान होते त्याचा फार मोठा भाग पावसाच्या दिवशी होतच नाही. तो पाच-सात दिवसांनी पानांच्या पाठीवर पांढऱ्या लवीच्या रूपाने उगवतो. तोपर्यंत मंत्र्यांच्या मोटारी परत गेलेल्या असतात.

कृषी खात्याच्या पुस्तकात या रोगाला केवडा म्हणतात. बागेत त्याचे नाव डावणी. शास्त्रीय नाव प्लास्मोपॅरा व्हिटिकोला. काटेकोर वर्गीकरणात हा जीव आता खरी बुरशी मानला जात नाही, शेवाळांच्या नात्यातल्या बुरशीसदृश जीवांत त्याची गणना होते. पण शेतकऱ्याच्या लेखी ती बुरशीच आणि तिचा बंदोबस्त करायचा तो बुरशीनाशकानेच. हे शेवाळाचे नाते मात्र समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यातच रोगाचे मर्म आहे. या जीवाचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या खालच्या अंगावरील रंध्रांतून आत शिरतात. पान काही तास ओले राहिले, हवा वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास असली, की त्यांना आणखी काही लागत नाही. आधी पानाच्या वरच्या बाजूस तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळसर डाग दिसतो, मग खाली कापसासारखी वाढ होते, आणि तिच्यातून सुटलेले हजारो बीजाणू वाऱ्याबरोबर व पावसाच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या वेलींवर जातात. बाग पोंग्यातून दोड्यात आणि दोड्यातून फुलोऱ्यात येण्याच्या काळात हा रोग सरळ घडावर चढतो. पान गेले तर पान पुन्हा फुटते. घड गेला की त्या वर्षापुरती वेल वांझ.

युरोपात हिवाळ्यात वेलीची पाने गळून पडतात, आणि केवड्याला गळलेल्या पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत दिवस काढावे लागतात. महाराष्ट्रात ती सोय निसर्गाने ठेवलेली नाही. येथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते : उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास, खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना गोडबार छाटणी. त्यामुळे कुठे ना कुठे हिरवे पान बारमाही सापडते. सटाणा, कळवण, देवळा या भागांत तर बाजारात लवकर माल नेऊन चार पैसे अधिक मिळवावेत म्हणून ऐन पावसाळ्यात गोडबार छाटणी घेतात. त्या बागांतून केवडा हटवणे म्हणजे वाहत्या पाण्यात भिंत बांधणे होय. हा जुगार शेतकरी हौसेने खेळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये साऱ्या जिल्ह्याचा माल एकदम बाजारात येऊन भाव कोसळतो, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते, आणि त्या पडत्या भावापेक्षा बुरशीशी झुंज त्याला परवडणारी वाटते.

वाईनच्या द्राक्षांची गत याहून निराळी नाही. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों ही सारी नावे कानाला परकी वाटली तरी रोगाच्या दृष्टीने ती थॉम्पसनची सख्खी भावंडेच आहेत. जिथे केवडा मुळात जन्मला त्या उत्तर अमेरिकेतल्या रानवेली शेकडो पिढ्या त्याच्याबरोबर वाढल्या, त्यामुळे त्यांच्या अंगी थोडीफार प्रतिकारशक्ती आली. युरोपीय कुळातील या वेलींना ती संधीच मिळाली नाही. केवड्याने पाने गेली की मण्यात साखर भरत नाही, आणि साखर भरली नाही की वाईनरीच्या दारात माल उतरत नाही. भुरी ही दुसरी बुरशी. ती मण्याच्या सालीवर बसते आणि तिचा कुबट वास पिंपातल्या रसापर्यंत पोहोचतो. दाट घडांत राखाडी कूज शिरते ती तिसरी. गंमत अशी की फ्रान्सच्या सोतेर्न परगण्यात हीच राखाडी कूज धुक्याच्या सकाळी मण्यांवर आली की तिला 'थोर कूज' म्हणून गौरवतात आणि त्या सुरकुतलेल्या द्राक्षांची गोड वाईन सोन्याच्या मोलाने विकतात. नाशिकच्या शेतकऱ्याची कूज थोर ठरत नाही. ती वजनातून वजा होते.

केवड्याचा इतिहास हा व्यापाराचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, १८४५ साली, इंग्लंडमधील मार्गेट येथे एका माळ्याला काचघरातील द्राक्षांवर भुरी आढळली. दहा वर्षांच्या आत तिने फ्रान्सचे द्राक्षमळे झोडपून काढले. १८५४ साली तेथील वाईनचे उत्पादन अतोनात खाली आले. मग मुळांवरील फायलोक्झेरा कीड आली. तिच्यावर उपाय म्हणून अमेरिकेतून रोगप्रतिकारक खुंट मागवण्यात आले, आणि त्या खुंटांच्या सोबतीने १८७८ च्या सुमारास केवडा फ्रान्सात उतरला. एका संकटाच्या औषधातून दुसरे संकट यावे, असा हा प्रकार. त्यावरील उतारा योगायोगाने सापडला. मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरट्यांना धाक बसावा म्हणून मोरचूद आणि चुना यांचा निळसर काला शिंपडण्याची चाल होती. बोर्दो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्दे यांना १८८२ साली दिसले की सगळी बाग केवड्याने वाळली असता त्या निळ्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. पुढे प्रयोग झाले आणि १८८५ साली त्यांनी ते मिश्रण जगापुढे मांडले. बोर्डो मिश्रण या नावाने ते आजही ओझर-पिंपळगावच्या बागांत वापरले जाते. या शोधात एक अर्थ दडलेला आहे. मालमत्तेच्या रक्षणासाठी जे विष रस्त्यावरच्या भुकेल्या वाटसरूला भिववण्यासाठी शिंपडले होते, तेच पिकाचे औषध ठरले. विषाला औषध म्हणण्याची ही परंपरा तेथपासूनची आहे.

महाराष्ट्रात तर दुसरा शब्दच नाही. शेतकरी बुरशीनाशक फवारत नाही, तो 'औषध मारतो'. कृषी सेवा केंद्राच्या पाटीवर औषधे असतात, उधारीच्या वहीत औषधांचे पैसे असतात, आणि पंपाच्या टाकीत औषध कालवणाऱ्या गड्याला आपण विष हाताळीत आहोत याची जाणीव त्या शब्दानेच पुसून टाकलेली असते. बरा होणार तो वेल; औषध अंगावर घेणार तो मजूर.

या मजुराविषयी द्राक्षशेतीवरील चर्चासत्रांत फारसे बोलले जात नाही. १९२५ च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड केली, तेव्हापासून नाशिकच्या द्राक्षाची कथा उद्यमशील बागाईतदाराची कथा म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही. दुष्काळी माळावर विहीर खणून, कर्ज काढून, लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव उभारून ज्यांनी बागा पिकवल्या त्यांचे कष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण त्या मांडवाखाली छाटणी, पेस्ट लावणे, शेंडाखुडी, विरळणी, संजीवकाच्या द्रावणात घड बुडवणे आणि शेवटी तोडणी ही कामे कोण करते? पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण आणि दिंडोरीच्या पश्चिम पट्ट्यातून टोळ्यांनी येणारे आदिवासी स्त्रीपुरुष. भाताची कापणी आटोपली की ही माणसे मुलाबाळांसह पूर्वेकडे उतरतात, बागेच्या कडेला पत्र्याच्या नाहीतर ताडपत्रीच्या आडोशाला राहतात आणि द्राक्षे संपली की परततात. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघून १२ मार्चला मुंबईत पोहोचलेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये रक्ताळलेल्या पायांनी चालणारी जी माणसे मुंबईकरांनी पाहिली आणि हळहळून पाणी व बिस्किटे दिली, ती प्रामुख्याने याच तालुक्यांतील होती. वनजमिनीचा सात-बारा मागायला निघालेल्या त्या माणसांचा तो महिना एरवी द्राक्षतोडणीचा असतो.

ट्रॅक्टरच्या ब्लोअरवर किंवा पंपाच्या गनवर माणूस असतो त्याच्या तोंडाला बहुधा रुमाल बांधलेला असतो, त्यापलीकडे काही नाही. फवाऱ्यानंतर पान वाळते न वाळते तोच बायका विरळणीला आत शिरतात; त्यांचे काम खांद्याच्या वरच्या उंचीचे, तेव्हा पानांवरचे थेंब त्यांच्या चेहऱ्यावर आणि उघड्या हातांवर पडतात. पाऊसमान बिघडले की फवाऱ्यांची संख्या वाढते आणि पावसाने धुऊन गेलेला फवारा त्याच रात्री पुन्हा घ्यावा लागतो. म्हणजे केवड्याचे वर्ष हे बागाईतदारासाठी कर्जाचे आणि मजुरासाठी विषाचे वर्ष असते. पहिल्याची नोंद निदान पंचनाम्यात होते. दुसऱ्याची कुठेही होत नाही.

हे केवळ भावनेच्या भरात केलेले विधान नाही. पोर्तुगालमध्ये द्राक्षमळ्यांत वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांब्याचे निळे साठे आणि गाठी आढळल्या, आणि १९६९ साली तेथील डॉक्टरांनी 'द्राक्षफवाऱ्याचे फुप्फुस' असा स्वतंत्र आजार वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. निरुपद्रवी, परंपरागत, सेंद्रिय शेतीलाही चालणारे म्हणून ज्याची ख्याती त्या मोरचुदाची ही कथा. मग त्यानंतर आलेल्या रसायनांबद्दल काय बोलावे? केवड्यावर सर्रास वापरले जाणारे मॅन्कोझेब प्रजननास व अंतःस्रावी ग्रंथींना घातक असल्याच्या कारणावरून युरोपीय संघाने २०२० च्या अखेरीस त्याच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. त्याच वर्षी मे महिन्यात भारत सरकारने ज्या सत्तावीस रसायनांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला त्यांतही मॅन्कोझेबचे नाव होते. उत्पादकांनी हरकती घेतल्या, समित्या बसल्या, आणि अखेर सरसकट बंदी काही आली नाही. बंदी यावी की न यावी, त्याला पर्याय कोणता, हा शास्त्रीय वादाचा विषय असू शकेल. परंतु तो वाद चालू असताना फवारणाऱ्या माणसाचे रक्षण थांबवून ठेवण्याचे शास्त्रीय कारण कोणते?

कायदा आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९६८ चा कीटकनाशक कायदा बुरशीनाशकांनाही लागू आहे. त्याखालील १९७१ च्या नियमांत फवारणीच्या कामावरील माणसाची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर ठराविक मुदतीने पात्र डॉक्टरकडून तपासणी व्हावी, त्याला संरक्षक कपडे व श्वसनसाधन मिळावे, प्रथमोपचाराची व्यवस्था असावी आणि त्याला शिक्षण दिले जावे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. अर्धशतक उलटून गेले. निफाड तालुक्यातील किती फवारणीवाल्यांची अशी तपासणी झाली, हा प्रश्न विधिमंडळात विचारला जावा. उत्तर काय येईल ते सांगायला ज्योतिषी नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा काही महिने या नियमांची आठवण झाली होती. चौकशी पथक नेमले गेले, विक्रेत्यांवर छापे पडले. मेलेल्यांनी हातमोजे का घातले नव्हते, असा उफराटा सवालही काही जबाबदार माणसांनी त्यावेळी केला. जो माणूस दिवसाच्या मजुरीसाठी दुसऱ्याच्या शेतात उतरतो त्याने चाळीस अंशांच्या उन्हात स्वतःच्या पैशाने रबरी पोशाख घालावा, अशी अपेक्षा करणाऱ्यांना शेतही ठाऊक नाही आणि मजुरीही.

याउलट, द्राक्ष खाणाऱ्या युरोपीय माणसाची काळजी किती तत्परतेने घेतली जाते ते पाहण्यासारखे आहे. २०१० च्या हंगामात नाशिकहून गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा अधिक आढळला. ही मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, निर्यातदारांचे व शेतकऱ्यांचे दिवाळे निघायची वेळ आली. आणि येथील तपासणीच्या यादीत ते रसायन समाविष्टच नव्हते, हे नंतर उघड झाले. यादी करण्याची चूक अधिकाऱ्यांची, शिक्षा मात्र बागाईतदाराला. त्यानंतर यंत्रणा कडक झाली. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात, डझनावारी रसायनांचा दहा लाखांत एक भागाहूनही सूक्ष्म अंश मोजला जातो. हे चांगलेच झाले. पण मग तेच रसायन ज्याच्या रक्तात उतरते त्या माणसाचा नमुना घेण्याची यंत्रणा मात्र नाशिक जिल्ह्यात का नसावी? मालाची जी किंमत बाहेर मिळते ती मजुराच्या देहाची येथे मिळत नाही, एवढेच याचे उत्तर आहे.

आता वाईनकडे वळावे लागेल, कारण द्राक्षाचा विषय निघाला की शासनकर्त्यांच्या मुखी वाईनचे नाव आल्याशिवाय राहत नाही. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, उत्पादनशुल्कात भरघोस सवलत दिली, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क उभारले. तत्पूर्वी, १९८० च्या दशकात, पिंपळगाव बसवंतला माधवराव मोरे यांनी फ्रेंच तंत्राने फेसाळ वाईन करण्याचा प्रयत्न केला होता. नंतर १९९० च्या दशकाअखेर खाजगी भांडवल आले, आणि धोरणामुळे त्याला भरती आली. शेतकऱ्यांनी करार करून वाईनच्या जाती लावल्या. २००८ ची मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरील हल्ला यांनी हॉटेले ओस पडली, वाईनरींच्या टाक्या भरलेल्या राहिल्या आणि करारातील द्राक्षे वेलीवर लोंबत राहिली. पुढील दोन वर्षांत अनेकांचे पैसे बुडाले. कित्येकांनी वाईनच्या वेली उपटल्या किंवा त्यांच्यावर खायच्या द्राक्षांची कलमे केली. त्यातच 'फयान'चा पाऊस आणि डावणी. म्हणजे माल आला तर घेणारा नाही आणि घेणारा असला तर माल नाही, अशा दोन्ही टोकांची जोखीम एकाच माणसाच्या डोक्यावर.

२७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि त्याचे समर्थन शेतकऱ्याच्या नावाने केले. दारूबंदीवाद्यांनी विरोध केला, निर्णय वादात अडकला व अमलात आला नाही. वाईन दारू आहे की नाही या वादात सगळ्यांचा घसा कोरडा पडला. पण नाशिकच्या द्राक्षांपैकी वाईनला जाणारा वाटा अगदी थोडा आहे आणि बाकीचे शेतकरी खायची द्राक्षे व बेदाणा यांवर जगतात, हे साधे सत्य कुणी फारसे मांडले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कराचा हिशेब कुणी केला नाही. राज्यातील वाईनवर वीस टक्के मूल्यवर्धित कर. त्यांतील सोळा टक्के उत्पादकाला प्रोत्साहन म्हणून परत करण्याची योजना राज्याने आखली. दुसऱ्या बाजूस, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा रासायनिक बुरशीनाशकांवर अठरा टक्के कर बसला. कारखानदाराला असा भरलेला कर पुढच्या विक्रीतून वळता करून घेता येतो. ताजी द्राक्षे विकणाऱ्या शेतकऱ्याच्या मालावर करच नसल्याने त्याला ती वजावट नाही. तो अठरा टक्के मुकाट्याने सोसतो. केवड्याचे वर्ष आले, फवारे वाढले, की सरकारचे उत्पन्न वाढते. बुरशीने शेतकऱ्याचे नुकसान होते हे सर्वांना ठाऊक आहे. तिने तिजोरीचा फायदा होतो ही गोष्ट कमी परिचयाची आहे.

विक्रीचा हा व्यवहार चालतो कसा, तेही पाहावे. बागेतला डाग दिसला की शेतकरी ज्याच्याकडे धावतो तो कृषी सहायक नसतो, तो औषधविक्रेता असतो. तोच रोग ओळखतो, तोच उपाय सांगतो, तोच उधार देतो आणि हंगामाअखेर वसूल करतो. ज्याला विकायचे आहे त्यानेच निदान करायचे, ही पद्धत माणसांच्या दवाखान्यात कुणी मान्य करणार नाही. परिणाम ठरलेला : एकाच गटातील महागडी रसायने पुनःपुन्हा मारली जातात, आणि रोग त्यांना सरावतो. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनीच महाराष्ट्राच्या बागांतील केवड्यात काही प्रमुख बुरशीनाशकांविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण झाल्याचे नोंदवले आहे. हे केंद्र १९९७ साली स्थापन झाले. त्याचे काम मोलाचे आहे, हवामानावरून रोगाचा अंदाज देण्याचे शास्त्रही त्याच्यापाशी आहे. पण अंदाजाला पानाच्या ओलाव्याची मोजणी बागेतल्या बागेत व्हावी लागते. ती यंत्रे आज कंपन्या विकतात, वर्षाची वर्गणी घेतात, आणि ज्याच्याकडे दहा एकर आहेत तो ती घेतो. दीड एकरवाला शेजाऱ्याचा ब्लोअर वाजला की आपला पंप काढतो. सार्वजनिक ज्ञानाचे खाजगी वर्गणीत रूपांतर असे चालते.

विम्याची कथा याच माळेतली. फळपीक विमा हवामानावर आधारलेला आहे. महसूल मंडळातील केंद्रावर अमुक इतका पाऊस नोंदला गेला तर भरपाई, एरवी नाही. पण केवड्याला मोठा पाऊस लागत नाही. रिमझिम, ढगाळ हवा, पहाटेचे दव, एवढ्यावर त्याचे भागते. केंद्रावरचे पर्जन्यमापक रिकामे आणि बागेतला घड काळा, असे होऊ शकते. पंचनामा झाला तरी रोगाने गेलेला घड हा 'नैसर्गिक आपत्ती' की 'शेतकऱ्याचा निष्काळजीपणा' यावर तलाठी आणि शेतकरी यांची हुज्जत ठरलेली. २०२५ च्या पावसाने तर नवाच पेच उभा केला. खरड छाटणीनंतर काडीत पुढल्या हंगामाचा घड आकार घेतो, त्यासाठी उन्हाची गरज असते. ते ऊनच पडले नाही. जो घड काडीत जन्मलाच नाही त्याचा पंचनामा कसा करावा, हे शासनाच्या कोणत्याही नमुन्यात बसत नाही.

या ठिकाणी डाव्या आणि समाजवादी चळवळीनेही स्वतःकडे पाहण्याची गरज आहे. १९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर आला, तेव्हा शेतीमालाच्या रास्त भावात सर्व प्रश्नांची उत्तरे आहेत असा सिद्धांत मांडला गेला. भाव मिळाला की मजुरी आपोआप वाढेल, असे त्याचे उपकलम होते. दुसऱ्या बाजूच्या अनेकांनी द्राक्षवाल्याला सरसकट श्रीमंत बागाईतदार ठरवून त्याच्या प्रश्नांकडे पाठ फिरवली. दोन्ही भूमिका सोयीच्या होत्या. चांगल्या भावाची वर्षे येऊन गेली, मजुराच्या तोंडावरचा रुमाल तसाच राहिला. आणि ज्याला श्रीमंत म्हटले त्या दोन-तीन एकरवाल्याचा माल परप्रांतीय व्यापारी शिवारातच तोंडी सौद्याने उचलतो, धनादेश वटत नाही, आणि व्यापारी गाव सोडून जातो, हे दर हंगामाचे रडगाणे झाले. २०२० साली नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना अशा बुडीत पैशांच्या वसुलीची खास मोहीम हाती घ्यावी लागली, यावरून त्या श्रीमंतीचा अंदाज यावा. हा शेतकरी मजुराला हातमोजे देत नाही, ही गोष्ट खरी. तो स्वतःही हातमोज्यांवाचून फवारतो, हीही गोष्ट तितकीच खरी. दोघांना एकमेकांसमोर उभे करणे सोपे आहे. औषध कंपनी, निर्यातदार, वाईनरी आणि विमा कंपनी या चौघांपैकी कुणालाही त्या भांडणाची झळ पोहोचत नाही.

फ्रान्सच्या ज्या प्रांतांना केवड्याने आणि भुरीने आधी झोडपले, तेथील शेतकऱ्यांनी या कोंडीतून एक वाट काढली होती. दक्षिणेकडील मारोसाँ या गावी १९०१ साली छोट्या द्राक्षउत्पादकांनी सहकारी संस्था काढली, आपली वाईन आपण गाळून शहरातील कामगारांच्या ग्राहक-संस्थांना थेट विकायला सुरुवात केली. समाजवादी नेते झाँ जोरेस १९०५ मध्ये ते पाहायला मुद्दाम गेले होते. दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, भाव कोसळले आणि भेसळीच्या वाईनविरुद्ध त्या प्रांतात लाखोंचे मोर्चे निघाले. सरकारने सैन्य धाडले, नार्बोन शहरात गोळीबार झाला, आणि सतराव्या पायदळ पलटणीतील सैनिकांनी, जे स्वतः द्राक्षवाल्यांचीच मुले होती, बंड केले. त्यानंतरच्या दशकांत गावोगाव सहकारी तळघरे उभी राहिली. महाराष्ट्राला सहकार शिकवण्याची गरज नाही, असे म्हटले जाते. साखर कारखान्यांचे आणि जिल्हा बँकांचे जे झाले ते पाहता ती गरज उलट अधिक आहे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी शेतकरी उत्पादक कंपनी नाशिकमध्येच उभी राहिली आणि निर्यातीत तिने नाव मिळवले, हे दाखवते की विखुरलेला उत्पादक एकत्र येऊ शकतो. फक्त त्या एकत्र येण्यात मजुराची खुर्ची कुठे आहे, हे विचारले गेले पाहिजे.

मागण्या अवघड नाहीत. गोडबार छाटणीपूर्वी, सप्टेंबर महिन्यात, निफाड, दिंडोरी, चांदवड, बागलाण या तालुक्यांतील ग्रामीण रुग्णालयांत फवारणी करणाऱ्यांची नोंद व तपासणी व्हावी. तिचा खर्च बुरशीनाशकांवरील कराच्या उत्पन्नातून भागवावा. निर्यातीसाठी बागेची नोंदणी होते त्याच अर्जात बागेवरील फवारणी-मजुरांची नावे आणि संरक्षक साधनांची नोंद सक्तीची करावी. तिला कवडीचा वेगळा खर्च नाही, कारण अर्ज, अधिकारी आणि संगणक सारे आधीच आहे. पानओलावा मोजणारी केंद्रे ग्रामपंचायतीच्या मालकीची असावीत, आणि त्यांवरून मिळणारा रोगाचा इशारा दीड एकरवाल्यालाही फुकट मिळावा. खरे तर त्यामुळे फवारेच कमी होतील, आणि म्हणूनच या मागणीला सर्वांत आधी विरोध कोठून येईल हेही सांगता येते. विमा रोगाच्या नोंदीशी जोडावा. वाईनरीला कराचा परतावा द्यायचाच असेल तर करारातील माल वेळेवर उचलणे, पैसे मुदतीत चुकते करणे आणि करारातील बागांत फवारणीचे नियम पाळले जाणे, या अटी त्या परताव्याला जोडाव्यात.

पश्चिमेच्या डोंगरातून टोळ्या उतरतील ते भाताची कापणी आटोपल्यावर. त्यांच्या मुक्कामाच्या गावांत आरोग्यसेविका जाते ती लसीकरणासाठी. तिच्या वहीत फवारणीवाल्यांसाठी एक रकाना वाढवण्याचे काम जिल्हा परिषदेच्या एका ठरावाने होऊ शकते. तो ठराव मांडायला एकही सदस्य पुढे येतो की नाही, हे पाहायचे आहे.